नारळ फुटेपर्यंत

नांदे, ता. मुळशी
११ फेब्रुवारी २००८

ति. हैबतअण्णा,

तुम्हाला आणि वहिनींना माझा नि शारदाचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो, की अजून खालच्याच खोलीत बसवून ठेवतो, ते कळवा. इकडे सगळं ठीक आहे. हे वाक्य रीत म्हणून लिहिलेलं नाही. खरंच ठीक आहे, आणि ते कसं झालं हे सांगण्यासाठीच पत्र.

माझा पाण्याच्या जारचा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. टेम्पो दारापर्यंत, पुढे खांदा. हिंजवडीच्या कंपन्यांत लिफ्ट असते (ती साहेबांची, जारवाल्याला मागचा जिना), लवळ्याच्या होस्टेलात तीही नाही. दिवाळीत उजवा खांदा कुरकुरायला लागला. खांदा गेला तर धंदा गेला. गिऱ्हाइकांवर दुसरा जारवाला टपलेलाच असतो, आणि चाळिशीनंतर माझी बी.कॉम.ची पदवी कोण विचारतो? म्हणून कॉलेजात असताना सुटलेली तालीम पुन्हा धरली. पहिल्याच संध्याकाळी, अर्धवट काम नको म्हणून, विसाव्या वर्षी मारायचो तेवढे जोर मारले. (यात निष्ठा किती आणि पोरांसमोरची मिजास किती, हे अजून स्वतःला विचारतो आहे.) दुसऱ्या दिवशी होस्टेलच्या तिसऱ्या मजल्याशी हातच उचलेना. जार सुटला, पायरी पायरी करत खाली गेला आणि रेक्टरबाईंच्या दारावर धडकला. बाईंनी दार उघडलं, जार आत घेतला, रिकामा बाहेर ठेवला आणि दार लावलं. (ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.)

त्याच शनिवारी मी कोंडाजी वस्तादांकडे तालीम सोडायला गेलो. आमच्या तालमीची रीत अशी, की धरताना मारुतीपुढे नारळ आणि सोडतानाही नारळ. तोही शनिवारी, वस्तादांच्याच हातून. (बाकीचे नारळाबिरळाच्या भानगडीत न पडता यायचे थांबतात. मला ते जमेना.) तर त्या शनिवारी वस्ताद कुणाच्या लग्नाला निघाले होते. पुढे एकदा अमावस्या लागली. एकदा त्यांना नातवाला घेऊन दवाखान्यात जायचं होतं. मी नारळ परत घरी नेत राहिलो आणि शारदा त्यांच्या वड्या करत राहिली. आता नारळ फुटेपर्यंत मी तालमीचाच माणूस, मग गैरहजर राहणं बरं दिसेना. म्हणून रोज जात राहिलो. सोडायचीच असल्यामुळे फुशारकी उरली नव्हती. जमतील तेवढे जोर, थोड्या बैठका. ज्या दिवशी जार जास्त, त्या दिवशी नुसती आखाड्याची माती उकरायची आणि घरी येऊन भाकरी खायची. गेल्या आठवड्यात होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर जार उतरवला तेव्हा ध्यानात आलं, की आज मधे कुठे टेकलोच नाही. मग तिथेच पायरीवर बसलो. दमलो म्हणून नव्हे. इतक्या महिन्यांची धास्ती उतरली, म्हणून.

वाटलं, वस्तादांनी हे मुद्दामच घडवून आणलं. पाया पडलो आणि तसं विचारलं. ते पोटरीला तेल चोळत होते. म्हणाले, "न्हाई रं. तू सोडाया येतुयास, हे माज्या ध्यानातच ऱ्हात न्हाई. बरं झालं आटवन दिलीस. ह्या शनवारी लगीन न्हाई, अमुशा न्हाई. घिऊन ये नारळ."

बाकी क्षेम. वहिनींच्या हातच्या मेतकुटाची शारदा आठवण काढते.

तुमचा,
दयानंद

ता. क. मी तालीम सोडायला जात होतो, हे शारदाला माहीत नाही (घरी येणारे नारळ ती मारुतीचा प्रसाद समजते). नवरा जिद्दीने व्यायाम करतो, असं ती माहेरी सांगत असते. वहिनींकडे बोलू नये.

ता. क. २. अण्णा, मला तालीम सोडायची नाही. पण इतके शनिवार मागे लागून आता नको कसं म्हणू? वस्ताद तुमचा शब्द मानतात. पत्र भोरला निघालेल्या माणसाच्या हाती देतो आहे (फोनवर हे मागायला जीभ रेटली नाही). शुक्रवारी त्यांना फोनने कळवा, की आपल्या भावकीत सुतक आहे, दयानंदचा नारळ होणार नाही. खोटं बोलायला लावतो आहे, याची टोचणी आहेच. कुणी खरंच गेलेलं असेल तर फार बरं. (हे वाक्य मी परत वाचलं. तरी ठेवतो.) फक्त लांबचं, तीन दिवसांचंच सुतक सांगा. दहा दिवस मला तालमीवाचून निघायचे नाहीत.