धोंडाबाईंचं तीर्थ

भरे, ता. मुळशी
२० ऑगस्ट २००९

तीर्थरूप आईच्या पायांवर डोकं ठेवून,

मी बरा आहे. स्वाइन फ्लूमुळे वृद्धाश्रमातल्या आम्हा कामगारांचीही घशाची तपासणी झाली. पुण्याहून रिपोर्ट येईपर्यंत मला बाहेरच्या खोलीत ठेवलंय. खोकला साधाच आहे.

इथल्या धोंडाबाई रोज पूजेनंतर माझ्या हातचं तीर्थ घेऊनच जेवायच्या. आता माझ्याऐवजी इथली मदतनीस रेश्मा द्यायला जाते, तर म्हणतात, "तुजं न्हाई, जयसिंगला बोलाव. रुसलाय व्हय त्यो?" परवापासून त्यांचं ताट तसंच परत येतं.

रिपोर्ट अजून नाही. मी खोलीतच पूजा करतो, तीर्थ भांड्यात राहतं. आज रेश्मा दाराबाहेरून म्हणाली, "मामा, बाई आता तुमाला हाकबी मारत न्हाईत."

तुझा गुडघा कसा आहे? गौरीला माझं येणं होईलसं वाटत नाही. आई, माझ्यासाठी ताटावर थांबू नकोस. जेवून घे.

तुझा,
जयसिंग