हा अज्ञात कोन्या गावचा?

घाटंजी,
१९ नोव्हेंबर २००६

लाडक्या वैष्णवीले,

आत्याचा आधी पाठीत एक धपाटा, मंग आशीर्वाद. आठ पानाचं टपाल पाठवते अन् तब्येतीची एक ओळ नाही?

इकडं वेचनी सुरू हाये. कापसाले यंदाबी भाव नाही, म्हनून आमचे हे फुगून बसले. मी म्हनलं, भाव पडला तं पडला, तोंड कायले पाडता? पोरगी वेचनीच्या गान्यांवर प्रबंध लेहून राह्यली, त्याची आलेली पानं वाचून दाखवा.

मस्त लेह्यलं वं! कोन्तं गानं कोनी सांगितलं, बाई कोन्या गावची, खाली समदं टिपलं. आपल्या वावरात वेचाले येते ना, ते सोनीबाईबी ऐकाले बसली होती. 'राठोड, सोनीबाई' ऐकून म्हने, "आडनाव पह्यले काहून? मतदार यादीतबी मले अशीच उलटी टांगली होती!"

मंग हे आलं:

बोंड हासलं, ओटी भरली,
थांब रे दिवसा, एक ओळ उरली.

खाली तू लेह्यलं, 'राजूरच्या बायांकडून, रचनाकार अज्ञात'. ह्यांनी चष्मा काढला. "हा अज्ञात कोन्या गावचा? मुकुटबनचा का राजूरचा?"

मी हासली, पोट दुखेपर्यंत हासली. मंग डोळ्यातलं पानी काही थांबेना. हे घाबरलेच.

पोरी, तो अज्ञात मुकुटबनचीच हाये. लग्नाआधी बाबाच्या वावरात वेचता वेचता मीच जुळवलं ते. लग्नात ह्यांनी तांदळात 'विमल' लेह्यलं, अन् माह्यं नाव माहेरीच राह्यलं. तुहे बाबा मले ताईच म्हनतात, तुले तरी कसं ठाऊक असनं? गानं मात्र बायांच्या तोंडून राजूरले गेलं. नवी सून गानी जोडते म्हनलं तं लोक हासतीन, म्हनून मी गप. मंग गप राह्याची सवयच लागली.

टपालात लेह्यलेला तुह्या सरांचा नियम मले लय आवडला, ज्याचं त्याच्या नावानं. पन विमल लेहू नको. गानं तिचं नाही.

ह्यांले समदं सांगितलं. जलमभर 'अवं' म्हननारा मानूस, सोनीबाईच्या देखत ओरडला, "कौतिका, चहा घेतं का?" अन् सोताच मांडला! साखर टाकाची विसरले. मी तरी दोन कप प्याली.

आता माह्यं माहेरचं आडनाव तुहंच हाये, तं सर म्हनतीन, घरचंच मानूस घुसवलं. म्हन, हो, घरचंच हाये, पन गानं चोरीचं नाही.

थांब, एक ओळ उरली. गान्याखाली अज्ञात खोडून पक्की लेहजो, तुह्या नियमानं, आडनाव पह्यले. उलटी टांगली तरी चालते.

तुही आत्या,
गावंडे, कौतिका