ट्रस्टी कोणाला म्हणावे

न्याय्य हुकुमामुळे माझ्याच भावाच्या जिवाला धोका होणार असेल, तर तो हुकूम न्याय्य राहतो का? मला उत्तर येत नाही. बाकी सर्व बाबतींत मी, अर्लीन टब्स, वय पंचवीस, घरातली पहिली पदवीधर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहीत आहे. तुरुंगाच्या खटल्यावरून जज ट्रेडवेल यांच्या घरावर दगड पडले, तेव्हा त्यांनी कोर्टातल्या आम्हा सर्व मदतनिसांना मृत्युपत्र करायला लावले. "घाबरू नका, फक्त स्वल्पविराम नीट द्या," म्हणाले.

१. टाइपरायटर आईला. ती त्यावर इस्त्रीचे कपडे रचणार, हे मला ठाऊक आहे. निदान झाकण लावून रचावेत.

२. बिडाचा तवा डीकन मोझली यांना. "शिकलेल्या पोरींचा मक्याचा पाव करपतो," असे ते भर चर्चमध्ये बोलले होते. आता स्वतः भाजून दाखवावा.

३. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही डीकननीच करावी. ते आमच्या चर्चचे ट्रस्टी आहेत. पण तुरुंगाच्या शेतावर ज्या कैद्याच्या हाती बंदूक देऊन इतर कैद्यांवर पहारा करवतात, त्यालाही ट्रस्टीच म्हणतात. "ट्रस्टी ठेवायचे नाहीत," असे जजसाहेब कोर्टात बोलले, ते रेडिओवर ऐकून डीकन तडक आमच्या दारात.

"पोरी, तुझ्या जजला सांग, चर्चच्या किल्ल्या मी सोडणार नाही!"

आई म्हणाली, "डीकन, तुमच्याकडे बंदूक आहे?"

"छे!"

"मग बसा, ताक घ्या."

४. कायद्याची पुस्तके धाकटा भाऊ क्लीव्हनला. गेल्या रविवारी तुरुंगात भेटायला गेले, तर म्हणाला, "ताई, मी ट्रस्टी झालो! वेगळी खाट, बंदूक, सगळं!" मी हुकुमाचे सांगितले, तसा त्याचा चेहरा उतरला. बंदूक गेली, की ज्यांच्यावर ती रोखली त्यांच्याच बराकीत त्याला झोपावे लागणार. "तुझ्या साहेबांना सांग ना, मला तेवढं वगळा म्हणून." मी तसे सांगितले नाही. त्याने माझ्यावर खुशाल रागवावे, पण पुस्तके वाचावीत.

५. बंदूक खाली ठेवणाऱ्या सगळ्यांनाच वेगळी बराक मिळावी, असे सांगायला आई स्वतः कैद्यांच्या वकिलाकडे गेली आहे. तिला मी एक शब्दही लिहून दिलेला नाही. हुकुमाचा मसुदा लिहायचे काम माझ्याकडे होते. आज सकाळी तो अर्धाच जजसाहेबांपुढे ठेवला आणि भावाचे नाव सांगून या खटल्यातून बाजूला झाले. "दुसऱ्या खटल्यांवर तरी राहा," ते म्हणाले. मी राहिले नाही, नोकरीच सोडली.

सही: अर्लीन टब्स
साक्षीदार: ल्यूला ग्रिम्स, शेजारीण; एझेल वॉर्ड, न्हावी
टॅलोवा, मिसिसिपी, १४ मार्च १९७२