सातव्या खणाबद्दल चिक्कप्पांना

सागर, मंगळवार

तीर्थस्वरूप सुब्राय चिक्कप्पांच्या चरणी पुतण्या नागपतीचा साष्टांग दंडवत.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, पण इकडे काहीही क्षेम नाही, म्हणून ते वाक्य गाळलं आहे. तुमचा गुडघा कसा आहे? यंदाच्या पावसात सुपारीच्या घडांना रोग कितपत लागला? कषायाच्या काढ्यात मिरी कमी घाला असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते ऐकता का? (ऐकत नसणार. तुम्ही कुणाचं ऐकलं असतं तर आज हे पत्र लिहायची वेळच आली नसती.) या तिन्ही चौकशा मनापासून केल्या आहेत, यापुढचं सगळं रागाने लिहिलं आहे. फोनवरच बोललो असतो, पण शुक्रवारपासून नऊ वेळा फोन केला आणि नऊही वेळा माझा आवाज ऐकून तुम्ही "राँग नंबर" म्हणून ठेवून दिलात. सख्खा पुतण्या, आणि राँग नंबर! म्हणून हे पत्र सिद्दापूरच्या बसकंडक्टरच्या हाती देतो आहे. तुम्ही चष्मा लावून पहिली ओळ वाचल्याशिवाय गाडी हलवायची नाही, अशी त्याला ताकीद दिली आहे.

तर आमच्या ध्वनिभांडाराचा सर्व्हर बंद पडून आज दहा दिवस झाले. त्यात काय आहे हे तुम्हाला सांगायला नको, तरी सांगतो, कारण मला ओरडायचं आहे आणि समोर कुणी नाही. शरावती अक्कांनी चाळीस वर्षं मलनाडातल्या घराघरांत जाऊन बायकांची लग्नातली गाणी कॅसेटवर गोळा केली. गाणाऱ्यांतल्या बहुतेक जणी आता नाहीत. त्यांत आपल्या चिक्कम्माची, तुमच्या बायकोची, बासष्ट गाणी आहेत. कॅसेटींना बुरशी लागली तेव्हा मी एकेक आवाज उतरवून त्या बारा डिस्कांच्या पेटीत भरला, आणि गेल्या वर्षी कुजक्या कॅसेटी स्वतःच्या हाताने जाळल्या. दुसरी प्रत ठेवली होती का, असं विचारू नका. ठेवली होती. त्याच पेटीत.

आता आयुधपूजेचा दिवस. भटजी लॉऱ्या आणि ट्रॅक्टरांच्या पूजेत अडकले म्हणून तुम्हाला बोलावलं, ही पहिली चूक, आणि ती अक्कांची. त्या दिवशी अवजार वापरायचं नाही म्हणून मी सर्व्हर आदल्या संध्याकाळीच बंद केला होता. मला वाटलं होतं, तुम्ही पेटीला बाहेरून गंध लावाल, झेंडूची माळ घालाल, लिंबू ठेवाल आणि जेवायला बसाल. पण विद्युत मंडळात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला बाहेरून पूजा कशी चालेल! एकेक डिस्क तिच्या खणासकट बाहेर काढायची, ओल्या फडक्याने पुसायची (ओल्या!), गंधकुंकू लावायचं, परत आत सारायची. मी नको नको म्हणत होतो तर, "मुंडू, तू जन्मायच्या आधी मी सबस्टेशन उघडलेलं आहे," असं सगळ्यांसमोर ऐकवलंत. मुंडू, म्हणजे पोरगा! वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी! मग मी फणसाच्या पानांतले कोट्टे कडुबू वाढायला निघून गेलो. ही दुसरी चूक, आणि ती माझी.

दसऱ्याच्या सकाळी चांगल्या मुहूर्तावर बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, आणि पडद्यावर अक्षरं आली की तिसरी आणि सातवी डिस्क सापडत नाही, सबब काहीच उघडणार नाही. आता या पेटीचा नियम असा, की बारांतली एक मेली तरी बाकीच्या अकरा मिळून तिचं काम भागवून नेतात, पण दोन गेल्या की सगळं ठप्प. तिसरी कधी मेली होती ठाऊक आहे? बहुधा पाच-सहा महिन्यांपूर्वी. तिचा पिवळा दिवा तेव्हापासून इशारा देत असणार, पण त्या दिव्यावर गेल्या वर्षीच्या पूजेचं कुंकू बसलं होतं आणि शुभ म्हणून ते कुणी पुसलं नव्हतं. (गेल्या वर्षी पूजा कुणी केली होती, हे मी इथे लिहीत नाही. गुडघा सांभाळा.)

बंगळूरला कंपनीत फोन लावला. तिथला इंजिनियर, प्रमोद नावाचा, इतकं गोड बोलतो की त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटते. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, सर, दोन डिस्क एकदम कधी मरत नसतात, दोष पेटीत असणार, डिस्कांना अजिबात हात लावू नका. झालं! तिथून चार दिवस मी डिस्क सोडून बाकी सगळ्याला हात लावला. पेटीची वायर बदलली. वायरीचं तोंड या भोकातून त्या भोकात घातलं. कंट्रोलरचं कार्ड काढून त्याचे सोनेरी दात खोडरबराने घासले, फुंकर मारली, परत बसवलं. पडद्यावर तीच दोन नावं. पाचव्या दिवशी प्रमोद स्वतः नवं कार्ड घेऊन आला. त्याने मसाला डोसे हाणले, कार्ड बसवलं, सर्व्हर परत सुरू करून दिला, आणि चार वाजता त्याची बस होती म्हणून जाता जाता, आता काही अडचण येणार नाही, कार्डाने काही विचारलं तर फोन करा, असं सांगून गेला.

त्याची बस वळणावरून दिसेनाशी व्हायच्या आत विचारलं! नवं कार्ड म्हणालं, या डिस्का माझ्या ओळखीच्या नाहीत, स्वीकारू की पुसू? स्वीकारायला सांगितलं तर म्हणे दोन कमी आहेत, जमणार नाही. फोन केला तर बसमधून प्रमोद सांगतो, पुसा सर, मग यादी नव्याने बनेल. माझं बोट बटणावर होतं, चिक्कप्पा. मागून अक्का म्हणाल्या, "पुसायचं म्हणजे नक्की काय पुसायचं रे?" मी प्रमोदला तेच विचारलं. पलीकडे शेंगा फोडल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, तसं खात्रीने नाही सांगता येणार. खात्रीने नाही! अकराशे तासांची गाणी, सव्वाशे बायका, आणि हा खिडकीत बसून शेंगदाणे खात सांगतो खात्रीने नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला जे बोललो ते ऐकून अक्कांनी कानावर हात ठेवले.

मग अक्का, वय शहात्तर, मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत, पुढे झाल्या आणि सातव्या खणावरची सुकलेली माळ बाजूला करून त्यांनी तो खण ओढून बाहेर काढला. जी गोष्ट मी आणि बंगळूरच्या कंपनीने पाच दिवसांत केली नव्हती ती. म्हणाल्या, "हा एवढा हलका कसा?"

आत काही नव्हतं! नुसता खण. चारही स्क्रू व्यवस्थित काढून चिकटपट्टीने आतच चिकटवलेले, एकही हरवू नये म्हणून. असं काम सागर-सिद्दापूर भागात एकच माणूस करतो, आणि त्याच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कायम स्क्रूड्रायव्हर असतो.

चिक्कप्पा, तुम्ही वडीलधारे आहात, तुमच्याबद्दल मला नितांत आदर आहे, आणि तुम्ही आमची डिस्क चोरली आहे. दुसरा शब्द मला सुचत नाही. मी चार दिवस धड जेवलो नाही. अक्का दिवसभर त्या बंद पेटीसमोर खुर्ची टाकून बसतात. आणि तुम्ही तिकडे राँग नंबर! मी इतका चिडलो आहे की कालच निघून येणार होतो, पण आलो असतो तर तुमच्या पायाही पडावं लागलं असतं, आणि ते आत्ता जमलं नसतं.

चिक्कम्माच्या फोटोला माझा नमस्कार सांगा.

आपला आज्ञाधारक (आजपुरता कमी),
नागपती

ता. क. डिस्क देवघरात आहे, हे मला तुम्ही न सांगताही कळतं. तिला अभिषेक घालू नका. दूध तर मुळीच नको. कोरड्या पंच्यात गुंडाळा. बसने पाठवू नका, स्वतः घेऊन या.

आणखी एक. अक्कांना मी अजून तुमचं नाव सांगितलेलं नाही. कंपनीने दुरुस्तीला नेली असेल, असं म्हणालो आहे. त्यांचा विश्वास बसलेला नाही.

आणखी एक, आणि हे लिहावं की नाही असं सकाळपासून चाललं आहे. पूजेच्या दिवशी तुम्ही माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं होतं, "यांतल्या कुठल्या डिस्कमध्ये आहे ती?" माझ्या हातात वायरींचा गुंता होता, मला तुम्हाला वाटेला लावायचं होतं, म्हणून मी न बघताच सातवीकडे बोट दाखवलं. ते खोटं होतं, चिक्कप्पा. ती कुठल्याच एकीत नाही. एकेका गाण्याचे तुकडे होऊन बाराही डिस्कांत वाटलेले असतात, आणि सातवी परत आली तरच अकरा जणी मिळून ते जुळवतील. चोरी तुमची खरी, पण पत्ता मी दिला होता.

शेवटचं. तुम्ही रोज तिच्यासमोर दिवा लावून बसत असाल. पण तुमच्याकडे ती गप्प आहे. आणि चिक्कम्मा अशी गप्प बसलेली तुम्ही तरी कधी पाहिली होती का?