उजव्या हातातला तांब्या

चाकूर
दि. ६ ऑक्टोबर २०२४

ती. अण्णांस,
सौदामिनीचा शि. सा. न. वि. वि.

परवा फोन कटला नव्हता, मी ठेवला होता. तुम्ही परत लावलात तेव्हाही मुद्दाम उचलला नाही. नाना आपल्याला सांगायचे की भांडण तोंडी करायचं नाही, कागदावर करायचं, म्हणजे तिकीट चिकटवेपर्यंत निम्मं विझतं. माझं काही विझलेलं नाही, पण नानांचा मान राखून कागद घेतला आहे.

तुम्ही म्हणालात की बासष्टाव्या वर्षी घोडी घेणं हे म्हातारचळ आहे. बरं. मग हेही ऐका. गुडघ्यांपायी दोन वर्षं मी आमचं शेत पाहिलं नव्हतं. रिक्षा ओढ्यापर्यंत जाते, पुढे पायवाट, आणि ती मला झेपत नाही. ह्यांनी लावलेल्या आंब्यांना फळ धरलं की नाही, ते मी गडीमाणसांच्या तोंडून ऐकत होते. श्रावणात शेजारच्या व्यंकटीनं आग्रहानं मला त्याच्या घोडीवर बसवलं. मी जीव मुठीत धरून बसले, आता हाडं खिळखिळी होणार म्हणून. तर काहीच नाही. ही घोडी रवाल चालीची. चारही पाय सुटे सुटे टाकते, पाठ हलतच नाही. जेवायला पाटावर बसावं तसं बसायचं, आणि शेत आपोआप जवळ येतं. तेही चांगलं भरभर, कानाला वारा लागतो. अण्णा, मी एकटीच मोठ्यानं हसत होते. पस्तीस वर्षं मुलांना 'हळू चला, रांगेत चला' म्हणणाऱ्या बाईला त्या दिवशी कळलं की आपल्याला वेग आवडतो.

म्हणून ती घोडी, शेवंती, घेतली. व्यंकटीला दोन घोड्या पोसवत नव्हत्या. आता तीच शेवंती व्यंकटीखाली लोण्यासारखी जाते आणि मी बसले की दुडकी धरते. दुडकी म्हणजे काय विचाराल, तर खलबत्त्यातल्या सुपारीला विचारा. गणपतीआधी पडले ती त्याच दुडकीपायी. मुका मार होता, गेला.

मी कण्हत पडलेली असताना तुम्ही माझ्याकडून शब्द काढलात, की माळेगावच्या यात्रेपर्यंत घरापासून शेतापर्यंत घोडी रवाल गेली नाही तर तिथल्या बाजारात तिला विकायची. शब्द दिलाय, पाळीन. पण तो कोणत्या वेळी घेतलात, ते विसरू नका.

रागावले असले तरी पाठची बहीण आहे, एवढं धरून माया ठेवावी.

आपली,
सौदामिनी

*

विष्णुपुरी, नांदेड
दि. १४ ऑक्टोबर २०२४

चि. सौदामिनीस,
अनंताचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं आहे, आणि सूरही. वाचताना मी दोनदा ताठ बसलो.

म्हातारचळ हा शब्द मागे घेतो. बाकी काही मागे घेत नाही. मी जन्मभर कॉलेजात पोरांना यंत्रांची कंपनं शिकवली. घोडी हे चार पायांचं यंत्र आहे आणि त्याला स्वतःची अक्कल आहे, म्हणजे ते सगळ्यात धोक्याचं यंत्र. तू पडलीस तेव्हा अपूर्वाचा पुण्याहून फोन आला. ती रडत होती, मामा आईला काहीतरी सांगा म्हणत होती. तोवर आईनं घोडी घेतल्याचं मामालाच ठाऊक नव्हतं. हे तुला शोभलं का?

आणखी एक, ते एकदाच लिहितो. तुझी वहिनी गेल्यापासून संध्याकाळी सात वाजता मी तुला फोन करतो. भाजी काय केली विचारतो, तुला वाटतं वेळ जात नाही म्हणून. तसं नाही. मला अण्णा म्हणणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. त्या रस्त्यावर तू पुन्हा पडलीस आणि सातला फोन उचलला गेला नाही, तर मी काय करायचं ते सांग. म्हणून शब्द घेतला. तू कण्हत होतीस म्हणूनच घेतला, एरवी तू कुणाला दिला असतास?

खांद्याला शेक देत जा. तुझा तो व्यंकटी काय म्हणेल त्यावर जाऊ नको, तो विकणारा माणूस आहे.

चिडकी असलीस तरी धाकटी आहेस, म्हणून आशीर्वादात काटछाट केलेली नाही.

तुझा,
अण्णा

*

चाकूर
दि. १० नोव्हेंबर २०२४

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळी झाली. अपूर्वा आली, चार दिवस राहिली, जाताना तुमच्यासाठी चकल्या ठेवून गेली. चकल्या कुरिअरनं येतील, माझा वैताग या पत्रानं.

मी हैराण होऊन राहिले आहे. घरासमोरून निघते तेव्हा शेवंती छान रवाल धरते. शाळेची भिंत ओलांडते, पिठाची गिरणी ओलांडते, मला वाटतं आज जमलं. आणि मारुतीच्या पारापाशी आलं की चाल मोडते. दररोज तिथंच. एकदा मोडली की माझ्या हातून पुन्हा लागत नाही, मग ओढ्यापर्यंत आपटत जायचं. पारावर आमचे थोरले दीर, शेषेराव भाऊजी, सकाळभर खुर्ची टाकून रस्ता बघत असतात. बरोबर त्यांच्यापुढे रोज माझी फजिती. ते काही बोलत नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

व्यंकटीचे उपाय ऐका. आधी म्हणाला लगाम जड हाय. हलका आणला. मग म्हणाला खोगीर मागं सरकतंय. बदललं. मग म्हणाला बाई, नजर लागली, पाराला कायतरी हाय. लिंबू-बिब्बा बांधला, तो तिनं रस्त्यात कुठं झटकला कुणास ठाऊक. आता म्हणतो, तिला तुमची सवय न्हाई, होईल की. कधी होईल विचारलं तर तंबाखू मळतो. आणि त्याच पारावरून तो स्वतः तिला घेऊन गेला तर ती पाण्यासारखी जाते. मला तर तिचाही राग येऊ लागला आहे. काल मी तिला चक्क रागावले, वर्गातल्यासारखी. तिनं कान हलवले आणि माझी बाही चाटली.

अपूर्वाचा पंजाबी ड्रेस घालून, डोक्यावर ओढणी घेऊन घोडीवर बसते, त्यावरही गावात कुजबुज आहे. ती मी सोसली. पण काही मिळत असलं तर माणूस सोसतं. अण्णा, तुम्ही जिंकणार असं दिसतंय. अपूर्वानं मोबाइलवर चित्रण केलंय, ते तुम्हाला पाठवलंय. बघा आणि हसा.

तुमच्या हसण्यावर माझा रुसवा आहे, मायेवर नाही.

आपली,
सौदामिनी

*

विष्णुपुरी, नांदेड
दि. १८ नोव्हेंबर २०२४

चि. सौदामिनीस,
अनेक आशीर्वाद.

चकल्या संपल्या. चित्रण डोळे दुखेपर्यंत पाहिलं. खरं सांगतो, तुझी चूक सापडावी आणि हा विषय कायमचा मिटावा म्हणून पाहिलं. ती सापडली, पण ती मला पाहिजे होती तसली नाही.

घोडीत काही बिघाड नाही. पारात काही नाही. पार येण्याआधी, शेषेराव दिसले रे दिसले की, तुझा उजवा हात लगाम सोडून डोक्याकडे जातो. तू ओढणी पुढे ओढतेस. हाताबरोबर मान खाली जाते, खांदे आत येतात, डाव्या हातातला लगामही ढिला पडतो. घोडीला वाटतं बाईंनी आपल्याला सोडलं, आणि ती दुडकीला लागते. सगळ्या चित्रणात हेच आहे, जाताना आणि येताना. व्यंकटीला दिराचा आडपडदा नाही, म्हणून त्याच्याखाली ती मोडत नाही.

ओढणीला पिन लाव आणि हात खाली ठेव. मी अजून विरोधातच आहे, हे वेगळं.

थंडी पडू लागली आहे, गुडघ्यांना जपावे.

तुझा,
अण्णा

*

चाकूर
दि. २७ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

पिना लावल्या. एक नाही, चार. ओढणी डोक्याला शिवल्यासारखी बसली, तरी हात गेलाच. दुसऱ्या दिवशी ठरवून गेले, तरी गेला. पार दिसला की तो माझा राहत नाही. एकोणचाळीस वर्षांचा सराव आहे त्याला.

जेवढा राग मला घोडीचा नव्हता आला, तेवढा आता या हाताचा येतोय. वर्गात साठ पोरं गप्प करणारी मी, तालुक्याच्या साहेबांसमोर टेबलावर हात आपटून बोललेली मी, आणि माझा हात मला विचारत नाही.

तुम्ही म्हणाल, मग नको घेऊस ओढणी. लिहायला सोपं आहे. भाऊजींनी मला कधी डोक्यावर घे म्हटलेलं नाही, पण न घेता मी त्यांच्यासमोर कधी गेलेलेही नाही. हे गेले तेव्हा जमिनीवर टपलेल्यांना भाऊजींनीच उंबऱ्यावरून परत पाठवलं, आणि मला एका शब्दानं त्याची जाणीव करून दिली नाही. त्यांच्यापुढून उघड्या डोक्यानं, घोडीवर बसून, त्यांच्यापेक्षा उंचावरून जायचं? ते दुखावले तर मला ती चाल नको. आणि ती चाल गेली तर काय होईल तेही मला माहीत आहे. पुन्हा ओट्यावर बसून दुसऱ्याच्या तोंडून शेत ऐकायचं. दोन्हीकडून माझाच गळा.

व्यंकटी यात्रेला जाण्याची गाडी ठरवून राहिलाय. शेवंतीला जागा धरू का, असं काल विचारून गेला. मी दार लावून घेतलं.

यात्रा जवळ आली. तुम्हीच काय ते सांगा, नाहीतर गप्प राहा, पण माया आटू देऊ नका.

आपली,
सौदामिनी

*

विष्णुपुरी, नांदेड
दि. ४ डिसेंबर २०२४

चि. सौदामिनीस,
आशीर्वाद.

थोडक्यात लिहितो, कारण जास्त लिहिलं तर मी विचार बदलीन.

रवाल घोडीची पारख करताना जाणते लोक हातात पाण्यानं भरलेला तांब्या धरतात, हे मी माळेगावला लहानपणी नानांच्या खांद्यावरून पाहिलंय. पाणी सांडलं नाही तर चाल खरी. तू लगाम डाव्या हातात घे आणि उजव्या हातात भरलेला तांब्या. हात रिकामा असतो म्हणून वर जातो. भरलेला असला की त्याला काय ते ठरवावं लागेल. पुढचं तुझं आणि तुझ्या दिरांचं, तिथे मी नाही.

घोडी विकलीस तर मला सुटल्यासारखं वाटेल. पण धडकं यंत्र नाहक भंगारात गेलेलं मला आजवर बघवलेलं नाही.

जे करशील ते सावकाश कर. सातला फोन करतोच आहे.

तुझा,
अण्णा

*

चाकूर
दि. १९ डिसेंबर २०२४

ती. अण्णांस,
सौदामिनीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी तुम्हाला मुद्दाम काही सांगितलं नाही. भाजीचंच बोलले. हे सगळं एकदम लिहायचं होतं.

आधी दोन-तीन दिवस वाड्यामागच्या मोकळ्या रानात तांब्या घेऊन फिरले. लगाम डाव्या हातात धरायची सवय झाली. मग रस्त्यावर निघाले. गिरणीपर्यंत थेंब सांडला नाही. पार आला. भाऊजी दिसले. पिना लावणं मी सोडलं होतं, वाऱ्यानं ओढणी मागं गेली, आणि हात उसळला. अण्णा, तांब्या डोक्याला लागला आणि सगळं पाणी माझ्या अंगावर आणि शेवंतीच्या मानेवर. ती जागच्या जागी थांबली. पारावर चार-पाच माणसं, समोर भाऊजी, आणि मी उघड्या डोक्यानं, भिजलेली, हातात रिकामा तांब्या. कुणीतरी हसलं. भाऊजींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तो उठून गेला. मला वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं. तशीच मागं फिरले. घरी येऊन व्यंकटीला निरोप धाडला की गाडीत जागा धर.

रात्री झोप आली नाही. सकाळी उठले ती राग घेऊनच. म्हटलं, विकायची तर आहेच, मग एकदा शेवटचं जाऊ. लाज काल सगळी सांडून गेली होती.

तांब्या भरला, निघाले. गिरणी गेली. पार दिसला आणि मी बघतच राहिले. भाऊजींची खुर्ची फिरवलेली होती. तोंड पिंपळाकडे, पाठ रस्त्याला. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या माणसाला मी रस्त्याकडे पाठ करून बसलेलं पाहिलं नाही. येणारं-जाणारं बघणं हाच त्यांचा विरंगुळा. तो त्यांनी माझ्यासाठी सोडला होता, कुणाला न सांगता.

माझा हात वर गेला नाही. डोळे मात्र भरले. शेवंती पारावरून गेली, ओढा ओलांडला, आणि बांधाला लागलो तरी चाल मोडली नाही. तांब्यात पाणी जवळजवळ होतं तेवढंच. ह्यांच्या आंब्यांखाली मी उतरले नाही, तांब्या लगामाच्या हातात घेऊन घोडीवरूनच पानांना हात लावत फिरले. उंच फांद्यांना माझा हात आजवर कधी पुरला नव्हता. मी पुन्हा हसले, मोठ्यानं, आणि मग रडलेही, उगाच खोटं कशाला सांगू.

परतताना पारापाशी थांबले. खाली उतरले, ओढणी नीट घेतली, आणि तांब्या भाऊजींच्या हातापाशी धरला. त्यांनी वळून न पाहता घेतला, सगळं पाणी प्यायले, तोंड पुसलं. मग म्हणाले, "बाई, पाठ करून बसलं की घोडी दिसत न्हाई. उद्या खुर्ची फिरवून घेतो. तुम्ही तुमच्या जात जा, डोक्याचं काही मनात आणू नका."

आज खुर्ची रस्त्याकडे होती. मी तांब्या घेतला होता, ओढणी खांद्यावर होती, आणि घोडी रवाल गेली. भाऊजी तिच्या पायांकडेच बघत होते.

व्यंकटीला गाडीतली जागा सोडायला सांगितली आहे. शब्द मोडलेला नाही. तुम्ही रागावणार असाल तर कागद घ्या आणि मनसोक्त लिहा. पण भांडण उरलं नसेल तर या पत्राला उत्तर धाडू नका, संध्याकाळी फोन करा. सातला मी शेतावरून आलेली असेन, आणि उचलीन.

आपली,
सौदामिनी