लोखंडाची अमास

गोंडल,
मार्गशीर्ष वद्य नवमी

चि. रमणिक यास जेराम कानजी पिठवा याचे अनेक आशीर्वाद. येथे श्री विश्वकर्म्याच्या कृपेने सर्व क्षेम आहे. तुम्हा उभयतांचे क्षेम कळवीत असावे.

तुझे पत्र काल पावले. पुलाच्या कठड्याचे आपले पोलादी साचे एकही पोचा न पडता ढाढर नदीवर पोहोचले हे वाचून जीव भांड्यात पडला. ट्रक अंगणातून निघाल्यापासून तुझी बा गप्प होती. काल सायंकाळपासून ती मला पुन्हा बोल लावू लागली आहे, यावरून तिची प्रकृती उत्तम आहे असे समजावे.

साच्यांना आतून तेलाचा हात हलका असावा. पत्र्यांच्या जोडांत रबरी पट्टी नीट बसवावी. तेथून सिमेंटचे पाणी पळाले तर कठड्याच्या अंगावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके उठतात, आणि लोक नावे ठेवतात ती ठेकेदाराला नव्हे, साचे करणाऱ्याला. पहिला टप्पा स्वच्छ उतरला तरच दोन्ही बाजूंचा कठडा आपल्या साच्यांत ओतू, नाहीतर साचे त्याच ट्रकात परत, असे इंजिनियर भट्टसाहेब म्हणाल्याचे तू लिहितोस. ते योग्यच बोलले. त्यांच्या जागी मी असतो तरी हेच बोललो असतो.

आता एक आज्ञा. काँक्रीटचा माल चौदसीला ओतायचा ठरला आहे, म्हणजे साचे उघडणे अमासेवर येते. आपण लुहार आहोत. अमासेला आपल्या कुळात लोखंडाला हात लागत नाही. दरबारची बग्गी चाक मोडून अंगणात उभी राहिली, तरी माझ्या वडिलांनी त्या दिवशी भाता फुंकला नव्हता. तेव्हा साहेबांकडून दिवस बदलून घ्यावा. ते न मानतील तर काम गेले तरी चालेल, अमास मोडू नये.

वहूला आशीर्वाद. तेथील पाणी उकळून प्यावे. लोभ आहेच, तो पत्रे लिहून राखावा.

जेराम कानजी पिठवा


ढाढर पूल,
मार्गशीर्ष अमास, दुपार

ती. बापुजींच्या चरणी रमणिकचा शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र हाती आले तेव्हा मिक्सर फिरत होता. वरचे साहेब पाहणीला यायचे आहेत, म्हणून भट्टसाहेब दिवस बदलायला तयार झाले नाहीत. माल मात्र उत्तम बसला. जोडांतून एक थेंब पाणी गळले नाही, हे आपल्याला आधी सांगतो.

आज सकाळी भट्टसाहेब आले आणि आपली सगळी माणसे बाभळीखाली पाय पसरून बसलेली पाहून त्यांचे डोके फिरले. काय वऱ्हाड उतरले आहे का, असे त्यांनी विचारले. लखमण मिस्त्रीने हात जोडून सांगितले की आज आमची अमास आहे. साहेब म्हणाले की सिमेंटला तिथी कळत नाही. उद्या साचे निघाले नाहीत, किंवा काढताना कठड्याची धार तुटली, तर परवा तुमचे बिऱ्हाड ट्रकमध्ये असेल, असेही सुनावून गेले.

बापुजी, ते खोटे बोलले नाहीत. माल तासातासाला घट्ट होऊन पत्रा धरून बसतो आहे. उद्या पहार लावावी लागली तर एक तर पत्रा वाकेल किंवा कठडा फुटेल. पण आपली आज्ञा मोडलेली नाही. आपली वहू जशु हिने काहीतरी सुचवले होते, तिला मी चार लोकांत गप्प बसवले. ती रुसून पुलाकडे निघून गेली आहे. आपले उत्तर येईपर्यंत जे व्हायचे ते झालेले असेल, तरी लिहिल्यावाचून राहवले नाही. बाला यातले काही सांगू नये.

आपला आज्ञाधारक,
रमणिक


ढाढर पूल,
पौष शुद्ध द्वितीया

पूज्य बापुजींच्या चरणी जशुमतीचा साष्टांग नमस्कार.

लग्न होऊन आल्यापासून मी आपल्यासमोर तोंडावर पदर ओढून राहिले, एक शब्द बोलले नाही. कागदाला पदर नसतो, म्हणून आज लिहिते. आधी चांगली बातमी. साचे निघाले. धार शाबूत आहे, पत्रा शाबूत आहे, आणि आपला मुलगा काल रात्री दोन माणसांचे जेवला.

आता माझा गुन्हा. अमासेच्या सकाळी मी यांना म्हटले की अमासेला लोखंडाला हात लावायचा नाही, म्हणजे त्याला विश्रांतीच द्यायची ना, मग साच्यांचे बोल्ट करकचून आवळलेले का ठेवता? कमरेचा पट्टा आवळून कोणी झोपते का? सगळे हसले. हे म्हणाले की तू भाकरी बघ. मी भाकरी केल्या, वांग्याचे भरीत केले, सगळ्यांना वाढले. जेवून माणसे बाभळीखाली घोरू लागली, हे पत्र लिहीत बसले, तेव्हा मी पाना पदराखाली घेतला आणि पुलावर गेले. एकेक बोल्ट थोडाथोडा सैल केला. पत्रा काँक्रीटपासून नखभर सुटला, तेव्हा वरून त्या फटीत तांब्यातांब्याने पाणी सोडले. हातोडी उचलली नाही. काही घडवले नाही, काही मोडले नाही.

दुसऱ्या दिवशी, पडव्याला, सकाळी लखमण मिस्त्रींनी लाकडी मोगरीने एक टोला दिला आणि पत्रा केळीच्या सालीसारखा अलग झाला. ते दुसऱ्या टोल्यासाठी मोगरी उगारूनच उभे राहिले, मारायचे कुठे ते कळेना. भट्टसाहेबांनी कठड्याच्या पसरट पायापासून वरच्या धारेपर्यंत तळवा फिरवला. मग म्हणाले की दोन्ही बाजू तुमच्याच, आणि तुमची अमासही तुमचीच, मला फक्त आधी सांगत जा. वर चहा मागितला, तोही दोनदा.

सैल बोल्ट पाहून यांना सगळे कळले. रागावले नाहीत, पण बापुजींना काय तोंड दाखवू, एवढेच म्हणत आहेत. म्हणून मीच लिहिते. अमास मोडली असेल तर ती मी मोडली, आपल्या मुलाने नाही. त्यांच्यावर राग धरू नये. मला जे प्रायश्चित्त सांगाल ते करीन. माया कमी करू नये, एवढे मागते.

आपली वहू,
जशुमती


गोंडल,
पौष शुद्ध सप्तमी

चि. सौ. जशुमतीस जेराम कानजी पिठवा याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

वहूच्या नावाने पत्र लिहिण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग आहे. लिहिण्याच्या रीतीत काही चुकल्यास सांभाळून घ्यावे.

रमणिकचे पत्र आधी आले. ते वाचल्यावर मला अन्न गोड लागेना. घरात मी उपवास असल्याचे सांगितले. कोणता उपवास, असे तुझ्या सासूने विचारले. मला एकही नाव आठवले नाही, आणि सर्व हकीकत सांगावी लागली. काम जाण्याचे मला भय नव्हते. पोलाद पहारेने उपटताना माणसाच्या अंगावर येते, आणि पहार मारणारा माझा मुलगा होता. आज्ञा लिहिताना हे मनात आले नाही, नंतर दुसरे काही मनात येईना.

तुझे पत्र मी पोस्टमनसमोर फाटकातच उभा राहून वाचले. पोस्टमनने घाबरून कोणी गेले का, असे विचारले. मी त्यास आत बसवून चहा व गाठिये दिले. तुझी सासू तेव्हापासून साऱ्या गल्लीला केळीच्या सालीची हकीकत सांगत आहे, आणि प्रत्येक वेळी बोल्टांची संख्या वाढत आहे.

आता अमासेविषयी. हा प्रश्न एकट्याने सोडविण्याचा नाही, म्हणून मी तो आरतीनंतर विश्वकर्म्याच्या मंदिरात ज्ञातीच्या वडीलधाऱ्यांपुढे मांडला. देवशीभाई म्हणाले की पानाही लोखंडाचाच, सबब दोष आहे. मी विचारले की मंदिराचे कुलूप अमासेलाही किल्लीनेच उघडता ना, आणि किल्ली काय मातीची आहे? मग त्यांनी चिडून टोमणा मारला की जेरामच्या घरी आता अमास वहू सांगते. मी म्हणालो, होय, सांगते, आणि आमच्यापेक्षा नीट सांगते. सभा तेथेच उठली. घरी परतताना मला स्वतःच्या बोलण्याचे नवल वाटले, परंतु ते बोलणे मी परत घेणार नाही.

माझा निर्णय असा. तुला दोष नाही आणि प्रायश्चित्तही नाही. लोखंडाला हात लावू नये, एवढेच आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकले. त्याला आराम पडला की नाही, हे कोणी वाकून पाहिले नाही. यापुढे आपल्या कारखान्यात चौदसीला संध्याकाळी आवळलेल्या सर्व पकडी व बोल्ट सैल करून मगच कुलूप लागेल. आणि पुलावर अमास आली तर तू केलेस तसेच करावे, मात्र पदराखाली नव्हे, उघड.

देवशीभाई व इतर मंडळी पौर्णिमेला आपल्या घरी येणार आहेत. त्यांना सर्व पुन्हा ऐकायचे आहे. मी कळविले आहे की ज्याचे उत्तर आहे त्यानेच द्यावे. तेव्हा रमणिकला पुढील टप्पा ओतू दे, आणि तू एसटीने निघून ये. तुझी सासू स्टँडवर उतरवून घेईल. तोंडावर पदर ठेवणे न ठेवणे तुझ्या मर्जीवर आहे. आवाज मात्र मोठा ठेवावा. देवशीभाईंना डाव्या कानाने कमी ऐकू येते.

माया कमी होण्याचा प्रश्न नाही. ती किती वाढली, हे आल्यावर तुझ्या सासूकडून कळेल.

जेराम कानजी पिठवा