बंगल्याचं पाणी मी तोडलं

आबा, साहेबांचा मुलगा परदेशातून परत आलाय. बायको आणि मुलीला घेऊन मळवलीच्या बंगल्यात राहतोय. तिकडच्या सरकारने बाहेरून आलेल्यांचे नियम बदलले, याची राहायची मुदत वाढली नाही. घर घेतलं होतं, मुलगी तिथंच वाढली होती, तरी म्हणाले निघा. दूधवाल्याने हे सांगितलं तेव्हा मी त्याला बसवून चहा पाजला. आनंद झाला मला, लपवू कशाला.

तुम्ही साहेबांना भाताचं खाचर विकलंत, पण विहीर विकली नाहीत. ‘साती आसरांची जागा हाय, ती इकायची नसती,’ म्हणून अडून बसलात. म्हणून आपली विहीर कुंपणाबाहेर राहिली आणि बंगल्याला तिचंच पाणी गेलं. बाकी सगळं गेलं. अजून दिसतंय मला, तुम्ही आपल्याच भाताच्या जागेवरच्या लॉनला नळी धरून उभे आहात, आणि पाहुण्यांची गाडी आली की आई मला मागच्या खोलीत ओढतेय, कारण माळ्याची पोरगी व्हरांड्यात दिसलेली साहेबांना खपत नाही. मग तुमचे गुडघे गेले, साहेबांनी नवा माणूस ठेवला. तुम्ही एवढंच विचारलंत, ‘पोरीचं लगीन होईस्तवर खोलीत ऱ्हाऊ का?’ साहेब चिडले नाहीत, वेताच्या खुर्चीत बसून शिकवल्यासारखं बोलले. ‘हे बघा, कितीही वर्षं राहिलं म्हणून माणूस तिथला होत नाही. माझा मुलगा आहे ना परदेशात, तिथं हे नियम फार कडक. आपल्याकडेच सगळी ढिलाई.’ भर आषाढात आपली भांडीकुंडी विहिरीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये आली. त्या ओलीत तुमचा दमा वाढला आणि तिथंच तुम्ही गेलात. पण मरेपर्यंत रोज सकाळी पंप लावून बंगल्याची टाकी भरत होतात. मी भांडले तर म्हणालात, ‘पान्याला न्हाई म्हनू न्हाई, बाय.’ तुमच्या त्या भलेपणाचा मला साहेबांपेक्षा जास्त राग यायचा.

आता शेडच्या जागी माझ्या दोन खोल्या आहेत आणि पंप माझा आहे. ते लोक आले त्याच आठवड्यात मी बंगल्याकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद केला. तो आला, हाफ पँटमध्ये, हातात रिकामी बादली.

‘ताई, पाणी येत नाहीये.’

‘बंद केलंय मी.’

‘पण ते तर पहिल्यापासून येतंय ना आमच्याकडे?’

‘व्हय. पण कितीही वर्षं पिलं म्हणून विहीर तुमची होत न्हाई.’

किती वर्षं ते वाक्य तोंडात धरून ठेवलं होतं मी, आबा. त्याला काही कळलं नाही. बाप कुणाला काय बोलला होता, याला कुठलं माहीत. तो पायरीवर बसला आणि स्वतःचंच सांगायला लागला. सगळा टॅक्स भरला, कधी गुन्हा केला नाही, मुलीची शाळा अर्ध्यात सुटली. हे नियम बदलायला हवेत असं तिथलेही पुष्कळ लोक म्हणतात, म्हणाला. मी म्हटलं, ‘बदलायलाच पायजेत. राहत्या घरातनं पोराबाळांना असं काढतं का कुनी?’ मनापासून म्हटलं. त्याचं सगळं मला पटलं होतं. मग मी आत गेले आणि कडी लावली.

आता त्यांच्याकडे टँकर येतो. कधी येतो, कधी येत नाही. त्याची बायको तुंगार्लीला कुणा ओळखीच्यांकडे कपडे धुवायला नेते म्हणे. जिरली, असं मी रोज एकदा तरी म्हणते, भाकरी थापताना. वाईट वाटेल म्हणून वाट पाहिली, तसं काही वाटलेलं नाही.

हे लिहून झालं की तुमच्या फोटोपुढे वाचून दाखवायचं ठरवलं होतं. नाही वाचणार. तुम्ही ‘खोल गं तो’ म्हणालात, तर मला खोलावा लागेल.